चंदाचा श

‘श’ म्हणताना तुमची जीभ तोंडात नेमकी कुठं असते, सांगता का? विचार करत बसू नका, आत्ता सांगा. दातांना लागते? टाळूला चिकटते? का मधेच अधांतरी राहते? नाही ना सांगता येत? मग चंदाला हसायचा परवाना तुम्हाला कोणत्या ऑफिसातून मिळाला?

चंदा अकोल्याच्या जुन्या शहरात हातगाडीवर भाजी विकते. माहेर हिवरखेडचं. तिचा बाप जानराव ज्वारी राखायचा आणि पाखरं हाकलायला पोरीला मचाणावर चढवायचा. गोफण तिला कधी जमली नाही, म्हणून ती नुसती ओरडायची. पाखरं तर उडायचीच, शेजारच्या वावरातला औताचा बैलही उभा राहायचा. तिथं तिचा गळा तयार झाला. लग्न होऊन श्रावणच्या घरी आली तेव्हा नाव घ्यायला लावलं, तर मांडवाबाहेरच्या आचाऱ्यापर्यंत ‘सरावनराव’ ऐकू गेलं. कोणी हसलं नाही. सासरचेही त्याला सरावनच म्हणतात.

श्रावण जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलतो. संध्याकाळी घरी येतो तेव्हा त्याच्या भुवयांवरसुद्धा कापूस असतो. आणि चंदा सकाळपासून गल्लीगल्लीत ओरडते, “घ्या सांबार, घ्या सेपू, सेवग्याच्या सेंगाऽऽ!” सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. पुण्याच्या पाहुण्यांनी ताट-वाटी घेऊन बसू नये.

असा गळा असल्यावर गल्लीचा कोणताही प्रश्न निघाला की बायका चंदालाच पुढं करत. नळाला पाणी नाही, चंदा बोल. नाली तुंबली, चंदा बोल. अय्युबचाचा आपला ऑटो आणि त्यावरचा भोंगा आणून उभा करायचे आणि माइक तिच्या हातात देताना दर वेळी एकच गोष्ट बजावायचे.

“चंदा बेटी, सब कर, पर टोपी मत निकाल.”

टोपी म्हणजे माइकच्या तोंडावरचा काळा स्पंज. तो नसला तर बोलणाऱ्याच्या तोंडातला वारा सरळ आत घुसतो. ‘फ’ म्हटला की भोंग्यात आंधी उठते, ‘स’ म्हटला की शिट्टी वाजते. चंदाला हे माहीत होतं. आंधी येवो न येवो, टोपी तिनं कधी काढली नव्हती. माइक तिला सोन्याच्या दागिन्यासारखा होता. तो हातात आला की हातगाडीवाली चंदा ही चंदाताई व्हायची.

मग शाळेचा कागद आला. जुन्या शहरातली चार खोल्यांची शाळा, पोरं कमी म्हणून बंद करायची आणि पोरांना दूर हमरस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवायचं. चंदाची मुलगी अपेक्षा तिथंच चौथीत होती. गल्लीत समिती झाली. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर खुशालराव अध्यक्ष झाले, कारण कोणाचाही गोंधळ असला तरी ते ‘पुढं सरका, पुढं सरका’ म्हणून माणसं बरोबर बसवतात. पहिली सभा शाळेच्या अंगणात. माइक अर्थातच चंदाकडे. तिनं पदर खोचला, मचाणावरचा जुना श्वास छातीत भरला आणि गर्जली,

“आमची साया वाचवा! साया बंद पडू देनार नाई!”

आता वऱ्हाडाबाहेरच्यांना सांगावं लागेल. आमच्या तोंडात ‘ळ’चा ‘य’ होतो. काळा तो काया, डोळा तो डोया. म्हणून शाळा ती शाया, इथवर सगळं गाव एकच बोलतं. पण साळा, म्हणजे बायकोचा भाऊ, तो साया. चंदाचा ‘श’ पडला की शाळेचा मेहुणा होतो. भर सभेत, भोंग्यावरून, ती मेहुण्याला वाचवायला निघाली होती.

पाठीमागची पोट्टी फुटली. कोणीतरी मोबाइलवर घेतलंच होतं. संध्याकाळपर्यंत गल्लीच्या ग्रुपवर सगळीकडे तेच. ‘कोनाचा साया बुडून राहिला मोर्णा नदीत?’ ‘जावईबापू, पयले तुमचा साया वाचवा!’ चंदाला समजेचना. तिनं तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावला. तिच्या कानाला सगळं ठीकच वाटत होतं.

“काहून हासून राहिले वं हे?” तिनं अपेक्षाला विचारलं.

अपेक्षानं मान खाली घालून सांगितलं, “आई, तू साया म्हनते. शाया म्हनाव लागते. श. नाजियादीदीनं शिकवलं मले.”

नाजियादीदी! बस, तिथं काडी पडली.

नाजिया म्हणजे चंदाचं जुनं गिऱ्हाईक हलीमाबीची मुलगी. हीच नाजिया लहानपणी आईच्या थैलीला लटकून गाडीवर यायची आणि चंदा तिच्या हातात फुकट सांबाराची काडी द्यायची. आता ती शिकून, स्कूटी घेऊन, ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत बोलायला शिकवत होती. संध्याकाळी गल्लीतली चार पोरं तिच्या घरी जमायची. अपेक्षाही जायची. चंदाला आजवर त्याचं काही वाटलं नव्हतं. आता एकदम सगळंच वाटायला लागलं.

त्याच आठवड्यात समिती बसली. अमरावतीला शिक्षण खात्याच्या मोठ्या साहेबांसमोर म्हणणं मांडायचं ठरलं. खुशालराव चष्मा पुसत म्हणाले, “तथी बोलाले नाजिया राहीन. साहेब लोक आहेत. चंदाबाई, तुमी घोषना द्या, मागून.”

“मागून?” चंदा म्हणाली. “मी काय ट्रॅक्टरची ट्रॉली होये का?”

“तसं नाई. पन थे साया-साया...”

खुशालरावांनी वाक्य गिळलं. नाजिया मधे पडली, “भाऊ, चंदाताईच बोलतील. मी ज़रा लिहून देते फक्त.”

ज़रा. फक्त. हे दोन शब्द चंदाच्या कानात काट्यासारखे रुतले. काय तो ‘ज़’, मधमाशी गुणगुणावी तसा. काय तो ‘फ’, ओठावर दात टेकवून सोडलेला, फुंकर घातल्यासारखा. सगळी समिती त्या तोंडाकडे बघत होती. खुशालराव बघत होते. अय्युबचाचासुद्धा. एवढी वर्षं याच लोकांनी चंदाच्या गळ्यावर नळाचं पाणी आणलं होतं.

“नाई बाप्पा,” चंदा उठली. “बोलू द्या नाजीयामॅडमलेच. आमच्या तोंडात भाजी हाय.”

नाजिया हे नावही तिला नीट येत नव्हतं. जेवणातला ‘ज’ लावून ती ठोकून ‘नाजीया’ म्हणायची. त्या पोरीनं कधी दुरुस्त केलं नाही. आता चंदाला त्याचाही राग आला. दुसऱ्याच्या पोरांचे शब्द दुरुस्त करते, माझा का नाही केला? मी तेवढ्याही लायकीची नाही?

जळणं म्हणजे काय ते चंदाकडून शिकावं. गाडीवर गिऱ्हाईक आलं की ती म्हणायची, “थे नाजीया नुसता वारा काढते तोंडातून. सूं सूं, फूं फूं. सायकलच्या ट्यूबचा वाल जसा.” हलीमाबी शेंगा घ्यायला आली तर चंदानं निबर शेंगा काढून दिल्या. श्रावण म्हणाला, “जाऊ दे ना वं, बोलू दे पोरीले.” त्या दिवशी श्रावणच्या भाजीत मीठ नव्हतं.

एकदा अपेक्षा घरी लवकर आली नाही, म्हणून चंदा तिला आणायला हलीमाबीच्या दारात गेली. दार लोटलेलं होतं. फटीतून आत बघितलं आणि तिथंच थांबली.

नाजियासमोर एक चिमुकली बसली होती. कानाला यंत्र, डोळे नाजियाच्या ओठांवर. नाजियानं तळहातावर कापसाचा पुंजका ठेवला आणि तोंडासमोर धरला. “प,” ती म्हणाली. पुंजका एकदम उडी मारून खाली पडला. “बघ, इथं दार लावलं आन् धाडकन उघडलं.” मग दुसरा पुंजका ठेवला. “आता दार लावाचं नाई. फट ठेवाची. बारीक. वारा घासत गेला पाहिजे. सऽऽऽ.” पुंजका एका कडेनं थरथरला. “जीभ दाताजवळ, मधे नाली. आता जीभ मागं घे, पसरव, टाळूच्या खाली, पन टेकवू नको. ओठ पुढं. शऽऽऽ.” आणि अख्खा पुंजका हलला, तळहातावरून सरकत गेला. चिमुकलीनं करून बघितलं. कापूस हलला. आवाज काय झाला ते तिला ऐकू आलं नाही, पण कापूस दिसला. ती टाळ्या पिटायला लागली. बाजूला अपेक्षाही टाळ्या पिटत होती.

मग नाजियानं त्या पोरीचा हात आपल्या गळ्यावर ठेवला. “सऽऽ. काही नाई ना? आता ज़ऽऽ. गुदगुल्या झाल्या? जीभ तथीच, फक्त गळा जागा झाला.”

दाराबाहेर चंदाचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याशी गेला. लगेच तिनं तो खाली ओढला, जसं काही चोरताना कोणी पाहिलं असावं. अपेक्षाला तिनं दारातूनच हाक मारली आणि हाताला धरून ओढत घरी नेलं. आपली पोरगी दुसरीच्या तोंडाला टाळ्या वाजवते, एवढंच तिला दिसलं होतं.

पण दुसऱ्या दिवशी गाडीवर गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा चंदानं सांबाराची एक काडी उचलून तोंडासमोर धरली. “साया.” टोकाचं एक पान हललं. तिनं आजूबाजूला बघितलं. जीभ मागं घेतली, पसरवली. “सा...” पुन्हा तेच. जीभ मेली सवयीची, बैलासारखी जुन्याच चाकोरीत जायची. तिनं ओठ पुढं काढले. ते माकडासारखे वाटले म्हणून शेजारच्या टमाट्यावाल्यावर खेकसली, “काय पाहून राहिला बे?” तो पाहतही नव्हता. रोज काडी, रोज ‘साया’. चिडून ती काडी फेकायची, थोड्या वेळानं दुसरी घ्यायची. आणि एक दिवस, टमाट्यावाल्याशी भांडताना, “शाना हायेस का लय?” म्हणाली आणि हातातल्या जुडीची सगळी पानं सळसळली.

तिनं जुडी आणखी जवळ धरली. पुन्हा म्हणाली. पुन्हा सळसळली.

कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? ‘श’ आला होता, पण तो तिच्या तोंडात नाजियाकडून आला होता. उष्टा घास गिळल्यासारखं वाटलं तिला.

अमरावतीला जायच्या दिवशी टेम्पोत सगळे बसले. माइक भाजीच्या थैलीत घालून सांभाळायचं काम चंदाचं होतं. नाजिया समोर बसून आपलं भाषण ओठातल्या ओठात घोकत होती. शिक्षण, हक्क, भविष्य, फी, परीक्षा. सगळे वाऱ्याचे शब्द. बडनेऱ्यापर्यंत चंदा तिच्या ओठांकडे बघत होती. अमरावतीला टेम्पो थांबला, सगळे उतरायला लागले, आणि चंदाचा हात थैलीत गेला. माइकची टोपी तिनं ओढून काढली आणि सांबाराच्या जुडीखाली दाबली.

तिथं मोठ्या ऑफिससमोर मोकळं मैदान, त्यात वारा सुटलेला. टेम्पोवर भोंगा लावला. थोड्या वेळानं साहेब पायऱ्यांवर आले. चेहरा असा की बोला लवकर, चहा थंड होतोय. खुशालरावांनी माइक नाजियाच्या हातात दिला. टोपीचं कोणाच्याच ध्यानात आलं नाही. अय्युबचाचा टेम्पोच्या बॅटरीत डोकं घालून बसले होते.

नाजिया म्हणाली, “साहेब, शिक्षण हा...”

भोंग्यातून आलं, “स्स्स्साऽ... फूऽऽ... श्श्श्शिक्श्श्श...”

तिचा वारा होता खरा, जोरकस, नीट घासून सोडलेला. जेवढा ‘श’ चांगला, तेवढी शिट्टी मोठी. “फक्त” म्हटलं तर भोंग्यात आंधी घुसली. मागून कोणीतरी ओरडलं, “पंचर झालं वं!” दुसरा म्हणाला, “साप निघाला, साप!” ऑफिसच्या खिडक्यांतली माणसं हसायला लागली. नाजियानं माइक लांब धरला, मग तोंडाजवळ धरला, मग नुसतीच उभी राहिली.

आणि चंदाला गोड वाटलं. खोटं कशाला बोलू? उन्हाळ्यात माठातलं पाणी घशाखाली उतरावं, तसं गोड वाटलं. आता कळलं ना मॅडम, सगळं गाव हसतं तेव्हा कसं वाटतं.

मग तिला अपेक्षा दिसली. हातात ‘आमची शाळा’ लिहिलेला पुठ्ठा. ती हसत नव्हती. नाजियाकडेही बघत नव्हती. ती साहेबांकडे बघत होती, कारण साहेब वळले होते. हात झटकत, पायऱ्या चढत. “आवाज नीट करून या, मग बघू,” असं ते कोणाला तरी सांगत होते.

शाळा चालली होती पायऱ्या चढून.

चंदाच्या गळ्यात मचाण उभं राहिलं.

“ओ साएब!”

माइक नाही, भोंगा नाही. साहेबांचा पाय पायरीवर तसाच राहिला. खिडकीतले गप्प झाले.

“कुठी चालले? आमची शाऽऽया! शाया हाय थे! शाया बंद कराले निघाले, आन् ऐकाचंही नाई? आमच्या पोट्ट्यायनं त्या हमरस्त्यावरून रोज जीव मुठीत घेऊन जावं, आन् तुमी चहा प्यावा?”

‘श’ चोख होता. ‘ळ’ नव्हता, ‘ह’ अर्धा गळला होता, पण मेहुण्याचा त्यात काही संबंध राहिला नव्हता. मागून बायका उठल्या. “शाया! शाया!” त्यांच्यातल्या हलीमाबीनंही हात वर केला. साहेब खाली उतरले. निर्णय लगेच होत नसतात, तसा तोही झाला नाही. पण पोरांना हलवण्याआधी अकोल्यात सुनावणी होईल, पालकांचं ऐकलं जाईल, एवढं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं.

परतीच्या टेम्पोत खुशालराव ओरडत होते, “पुढं सरका, चंदाताईले खिडकी द्या!” चंदा खिडकीत बसली. थैलीत हात घालून तिनं टोपी चाचपडली आणि सगळे गप्पांत आहेत असं बघून माइकवर चढवली. नाजिया समोरच होती. तिनं माइक घेतला, टोपी नीट बसवली, आणि नाकाजवळ नेली.

“ताई,” ती हळूच म्हणाली, “टोपीले सांबाराचा वास येऊन राहिला.”

“भाजीच्या थैलीत होती.”

“हो. थैलीतच असन.” माइक परत देत ती म्हणाली, “तुमचा श मस्त झाला. कोनाकडून शिकलात?”

“माही जीभ होये. म्याच शिकवली.”

नाजिया हसली. मनमोकळं, काहीच हातचं न राखता. टोपीचं तिनं कोणाला सांगितलं नाही, आजवर सांगितलेलं नाही. आणि चंदा पुन्हा जळली, पहिल्यापेक्षा जास्त. नाजियानं आरडाओरडा केला असता, गल्लीत बोंब मारली असती तर फिट्टंफाट झालं असतं. ही तर मोठेपणातही पुढं निघाली. त्या मोठेपणाचं काय करायचं? थैलीत ठेवावं तर मावत नाही.

आता सुनावणीला पहिली कोण बोलणार, यावरून समितीत वाद चालू आहे. खुशालराव म्हणतात दोघी बोला. नाजिया म्हणते चंदाताईनं पहिलं बोलावं. चंदा म्हणते, “तिच्या म्हनन्यावरून नाई बोलनार, माह्या हक्कानं बोलीन.” माइक तिनं घरी आणून ठेवलाय, टोपीसकट. सकाळी गाडी ढकलताना ती अजून ‘सेवग्याच्या सेंगा’च ओरडते, कारण ते तिचं गिऱ्हाईक ओळखतं. आणि हल्ली, कोणी नसताना, सांबाराची काडी तोंडासमोर धरून ती एक नाव म्हणून बघते. नाज़िया. ज़ऽऽ. गळा गुणगुणतो, पानं थरथरतात, अगदी बरोबर येतं. तोंडावर मात्र ती तिला अजून जेवणातल्याच ‘ज’नं हाक मारते. तेवढं एक देणार नाही म्हणते.

आता तुम्ही. तळहात तोंडासमोर धरा आणि ‘शाळा’ म्हणा. वारा लागला? मग तोच वारा घेऊन तुमच्या गल्लीतल्या शाळेच्या सभेला जा, आणि तिथं एखादी बाई ‘साया’ म्हणून बोलायला उभी राहिली, तर हसणाऱ्यांना तुम्ही गप्प करा.